कबना स्काउटची ओळख करून देणारं दोन रात्रींचं शिबिर: वेळापत्रकाआधी संघनायक तयार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही महिन्यांत तुमच्या स्काउट पथकात दाखल होणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या डझनभर कब (स्काउटिंगच्या धाकट्या शाखेतल्या) मुलांसाठी शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार असं शिबिर घ्यायचं आहे. एवढ्या वेळात स्काउटिंगचं 'सगळं' कसं दाखवावं, सोबत येणाऱ्या पालकांचं काय करावं आणि रात्री एखादं मूल रडायला लागलं तर काय करावं, हे तुम्ही विचारलंय. वेळापत्रकही जोडलंय. त्यात एकट्या शनिवारात गाठी, प्रथमोपचार, होकायंत्र, मागकाढ, दोरीचा पूल, निसर्गभ्रमंती, खजिन्याचा शोध, खेळ आणि शेकोटी आहे. प्रत्येक कार्यक्रमापुढे तो घेणाऱ्या मोठ्या माणसाचं नाव लिहिलंय.

वेळापत्रक मन लावून केलंय हे दिसतं. तरी त्यातलं निम्मं मी खोडेन. वेळ पुरणार नाही ही अडचण आहेच, पण मोठी अडचण वेगळी आहे: त्या अख्ख्या कागदावर एकाही संघनायकाचं, म्हणजे संघ चालवणाऱ्या मोठ्या मुलाचं, नाव नाही.

कबमध्ये मुलांनी आजवर काय पाहिलंय ते आठवा. पुढे 'अकेला', म्हणजे कबचा मोठा नेता, उभा असतो, खेळ तोच सांगतो, गोष्ट तोच रंगवतो, भांडण तोच सोडवतो. कब मुलांचा छोटा गट, म्हणजे षटक असतं, षटनायकही असतो, पण जेवायला कधी बसायचं हे षटनायक ठरवत नाही. त्या वयाला ते योग्यच आहे. स्काउटमध्ये मात्र सहा-आठ मुलांचा संघ हेच घर होतं. काय शिजवायचं, तंबू कुठे लावायचा, भांडी कोणी घासायची हे तेरा-चौदा वर्षांचा मुलगा ठरवतो आणि चुकला तर त्याचे परिणाम सगळा संघ मिळून भोगतो. स्काउटिंगचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउन्सी बेटावर पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं तेव्हाही वीसेक मुलांचे चार संघ पाडले होते आणि प्रत्येक संघाचा नायक मुलांमधलाच होता. वुल्फ कब त्यानंतर, १९१६ मध्ये आले, तेही थोरल्या भावांचं पाहून धाकट्यांनी धोशा लावला म्हणून. स्काउटिंगची मूळ कल्पना संघाची आहे. तुमच्या वेळापत्रकात दिसतं ते मोठं केलेलं कब शिबिर. मुलं मजेत घरी जातील यात शंका नाही, पण पुढे काय वाढून ठेवलंय हे त्यांना कळणार नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या टप्प्यावर मुलं गळतात, आणि ती कार्यक्रम कंटाळवाणा होता म्हणून गळत नाहीत. कबमध्ये जो सगळ्यांत मोठा, सगळं येणारा असतो, तो एका आठवड्यात पुन्हा सगळ्यांत लहान होतो. ओळखीचा अकेला मागे राहतो. समोर आवाज फुटलेले, मिसरूड फुटत असलेले दादा असतात. ते आपल्याला हसतील का, आपल्याला काही जमलं नाही तर काय होईल, रात्री शू लागली तर कोणाला उठवायचं, असले प्रश्न घेऊन ते मूल शिबिरात येतं. दोरीचा पूल कितीही उंच बांधलात तरी यांतल्या एकाचंही उत्तर त्याला मिळत नाही. उत्तर मिळतं ते संघातल्या एखाद्या मोठ्या मुलानं सहज म्हटलेल्या एका वाक्यातून. म्हणून माझ्या हिशेबात या शिबिराची खरी तयारी म्हणजे तुमच्या संघनायकांची तयारी.

शिबिराच्या साधारण तीन आठवडे आधी सगळ्या संघनायकांना आणि उपनायकांना घेऊन बसा. कब मुलांना इथे बोलवू नका, पालकांनाही नको. पहिला प्रश्न एवढाच विचारा: तुझ्या पहिल्या शिबिरात तुला कशाची धास्ती वाटली होती? सुरुवातीला सगळे फुशारक्या मारतील. मग कोणीतरी हळूच म्हणेल की संडासाला एकट्यानं जायची भीती वाटायची. त्यानंतर भराभरा बाहेर येतं. एखादा सांगतो, माझ्या संघनायकानं पहिल्या रात्री माझं नावच विचारलं नव्हतं, 'ए छोट्या' म्हणत होता. ही यादी फळ्यावर लिहा आणि शिबिराचं नियोजन तिथून करा. मुलं स्वतःच ठरवतात की पहिल्या तासाभरात प्रत्येक कबचं नाव पाठ असलं पाहिजे. तुम्ही सांगितलं असतं तर ती सूचना झाली असती. त्यांनी ठरवलं तर तो त्यांचा नियम होतो.

याच बैठकीत एक गोष्ट मात्र तुम्ही स्वतः, स्पष्ट शब्दांत सांगा: थट्टा चालणार नाही. नव्या मुलाला अस्तित्वातच नसलेली वस्तू आणायला पाठवणं, रात्री तंबूबाहेर आवाज काढणं, भुताच्या गोष्टी, टोपणनावं, यातलं काहीही नाही. 'आमच्या वेळी आम्हालाही केलं होतं' हे कारण ऐकून घेऊ नका. ज्या मोठ्या मुलाला हे झेपणार नाही असं वाटतं, त्याला या शिबिरात संघात ठेवू नका; सामानाची, सरपणाची किंवा पाण्याची जबाबदारी द्या.

मग शिकवायचं कसं हे त्यांना शिकवा. तेरा वर्षांच्या मुलाला गाठ येते, पण ती दुसऱ्याला शिकवता येते असं नाही. त्याची सवय असते की समोरच्याचं चुकलं की दोरी हिसकावून घ्यायची, 'अरे असं' म्हणून स्वतः झटक्यात बांधायची आणि परत द्यायची. समोरचा मान हलवतो, त्याला काहीही कळलेलं नसतं. म्हणून सराव घ्या: एकानं कब व्हायचं, दुसऱ्यानं शिकवायचं, आणि शिकवणाऱ्याचे हात पाठीमागे. आधी सांगायचं, मग सावकाश करून दाखवायचं, मग त्याच्याकडून करून घ्यायचं, आणि शेवटी त्याला एकट्याला करू द्यायचं. हात पाठीमागे बांधल्यावर मुलांना शब्द शोधावे लागतात, आणि शब्द शोधता शोधता त्यांना स्वतःला ती गाठ पहिल्यांदा नीट समजते.

हे साधलं की काय होतं ते मी अनेकदा पाहिलंय. तंबूची ताणदोरी बांधायची वेळ. कबनं मेख सरळ उभी ठोकलेली असते. दादाला दिसतं की ही निघणार, पण तो ती उपटत नाही. म्हणतो, 'आता दोरी ओढून बघ.' मेख बाहेर येते. 'तंबू दोरीला कुठे ओढतोय?' मुलगा बोट दाखवतो. 'मग मेखेचं डोकं कुठे झुकवायचं?' मुलगा थोडा विचार करतो, मेख तंबूपासून लांब झुकवून तिरकी ठोकतो, दोरी ओढतो, ती हलत नाही. दादा काहीच बोलत नाही, पुढच्या मेखेकडे सरकतो. त्या मुलानं पुढच्या सगळ्या मेखा न विचारता तिरक्या ठोकलेल्या असतात. तंबू लागायला दुप्पट वेळ गेला तरी चालेल, तुमच्या वेळापत्रकात तेवढी जागा हवी. निम्मे कार्यक्रम खोडायचे ते यासाठीच.

आता कब मुलांची वाटणी. त्यांचा वेगळा संघ करू नका. बारा मुलं असतील तर तुमच्या प्रत्येक संघात दोन किंवा तीन जोडा. एकटं मूल कुठेही टाकू नका. ज्याच्याशी पटतं असा निदान एक सवंगडी बरोबर असू द्या. चौघा जिवलग मित्रांना मात्र एकत्र ठेवू नका, ते दोन दिवस एकमेकांतच रमतील. पुढे पथकात दाखल झाल्यावर नव्यांचा स्वतंत्र संघ करावा की जुन्या संघांत मिसळावं यावर जाणत्यांचीही दोन मतं आहेत. दोन्ही पद्धती चालताना मी पाहिल्या आहेत. पण दोन रात्रींच्या शिबिरात वेगळा संघ केलात तर त्यांना सांभाळायला मोठं माणूस द्यावं लागतं, आणि मग पुन्हा कबच.

पालकांची बैठक शिबिराच्या आठवडाभर आधी घ्या आणि तीत सामानाची यादी द्या. यादी छोटी ठेवा: झोपण्याची पिशवी किंवा पांघरूण, जमिनीवर अंथरायची चटई, एक जादा जोड कपडे आणि दोन जादा मोज्यांचे जोड, गरम कपडा, पावसाचं जाकीट, टॉर्च, पाण्याची बाटली, ताट-वाटी-पेला, दात घासायचं सामान. बस्स. प्रत्येक वस्तूवर नाव. भरलेल्या पिशवीचं वजन मुलाच्या वजनाच्या पाचव्या भागाहून कमी असावं, म्हणजे ३५ किलोच्या मुलाला सात किलोच्या आत. आणि पालकांना बजावून सांगा की पिशवी मुलानं स्वतः भरायची, त्यांनी फक्त बाजूला बसून यादी वाचायची. आईनं भरलेल्या पिशवीत टॉर्च कुठे आहे हे मुलाला माहीत नसतं. अंधार पडल्यावर सगळं सामान तंबूभर उपसलेलं दिसतं.

त्याच बैठकीत औषधं, ॲलर्जी, दमा, फिट येणं, झोपेत चालणं आणि अंथरूण ओलं करणं यांची माहिती लेखी घ्या. शेवटची गोष्ट पालक चारचौघांत सांगत नाहीत, म्हणून फॉर्ममध्ये तिची वेगळी ओळ ठेवा. ज्या मुलाचा हा प्रश्न आहे त्याच्या पालकांशी आधीच ठरवा: पिशवीत जादा कपड्यांची एक बंद थैली, रात्री अकराच्या सुमारास एक मोठा माणूस त्याला शांतपणे उठवून नेईल, आणि सकाळी काही झालंच असेल तर मूल फक्त एक ठरलेला शब्द सांगेल. संघनायकाला हे कळायची गरज नाही. दम्याचा पंप औषधांच्या पेटीत कुलूपबंद ठेवू नका, तो मुलाच्या किंवा त्याच्याबरोबरच्या मोठ्या माणसाच्या हाताशी हवा.

मोबाइलचा विषयही इथेच संपवा. मुलांकडे फोन नसावा, आणि पालकांनी 'झोपायच्या आधी एक फोन' मागू नये. घरची आठवण येऊन रडणाऱ्या मुलाला आईचा आवाज ऐकवला की ते शांत होईल असं वाटतं. बहुतेक वेळा उलटं होतं. पालकांना तुमचा नंबर द्या, शनिवारी सकाळी सगळं ठीक असल्याचा एक निरोप पाठवा, त्यांचं समाधान होतं. 'नाही आवडलं तर मी लगेच येऊन घेऊन जाईन' असं निघताना म्हणू नका, हेही सांगा. प्रेमानं म्हटलेलं असतं, पण मूल दोन दिवस त्या दाराकडेच बघत राहतं.

शुक्रवारबद्दल माझा आग्रह एकच: अंधार पडायच्या निदान दोन तास आधी शिबिरस्थळी पोहोचा. जमत नसेल तर शनिवारी सकाळी जा आणि एकच रात्र राहा, त्यात काही कमीपणा नाही. पहिल्यांदा तंबू लावणारं मूल, अंधार आणि भूक हे तिन्ही एकत्र आले की तुमचा सगळा शनिवार नासतो. उजेडात आधी संघनायकानं आपल्या कबना घेऊन जागेची फेरी मारायची: पाणी इथे, शौचालय इथे, हद्द इथपर्यंत, मोठ्या माणसांचे तंबू तिथे, लांब शिट्टी वाजली की जिथे असाल तिथून इकडे धावत यायचं. अंधार पडल्यावर हीच फेरी टॉर्च घेऊन पुन्हा मारायची, विशेषतः शौचालयापर्यंतची. दिवसा पाहिलेली वाट रात्री वेगळी दिसते, आणि ती एकदा सोबतीनं चालून झाली की निम्मी धास्ती जाते. रात्री उठायचं झालं तर जोडीदाराला उठवायचं, एकट्यानं जायचं नाही, आणि जोडीदारानं कुरकुर करायची नाही, हा नियम त्याच फेरीत सांगायचा. शुक्रवारचं जेवण घरून आणलेलं किंवा नुसतं गरम करण्याचं. शेकोटीचा कार्यक्रम नको. या वयाला नऊ ते बारा तास झोप लागते आणि पहिल्या रात्री ती मिळणार नाही हे धरून चाला; कुजबुज तासभर चालेल, चालू द्या.

रडू येतं ते बहुधा दिवेलागणीला आणि तंबूत आडवं झाल्यावर. दिवसा हुंदडणारं मूल त्या वेळी पोटात दुखतंय म्हणतं. पोटदुखी खरी आहे का ते आधी बघा, ताप बघा, शेवटचं कधी शौचाला गेला ते विचारा. (पहिल्या शिबिरात दोन दिवस शौचालयालाच न जाणारी मुलं असतात, आणि त्यांचं पोट खरंच दुखतं.) दुखणं नसेल तर समजूत घालण्यापेक्षा काम द्या. 'चल, उद्या सकाळच्या चुलीसाठी बारीक काटक्या ताडपत्रीखाली ठेवायच्या आहेत, टॉर्च धर.' दहा मिनिटं हाताला काम मिळालं की श्वास शांत होतो. 'मोठी मुलं रडत नाहीत' हे वाक्य तुमच्या पथकात कोणाच्याही तोंडी येता कामा नये. संघनायकानं फक्त एवढं म्हणावं की मलाही पहिल्यांदा असंच झालं होतं, आणि ते खरं असेल तरच म्हणावं. अर्धा तास प्रयत्न करूनही मूल थांबत नसेल, अंग थरथरत असेल, तर पालकांना बोलावणं हा पराभव मानू नका. सकाळी ते मूल परत आलं तर काहीच घडलं नाही अशा थाटात त्याच्या हातात ताट द्या.

शनिवारचा गाभा म्हणजे स्वयंपाक. तुमच्या वेळापत्रकात 'दुपारचं जेवण, पाऊण तास' असं लिहिलंय आणि स्वयंपाक पालकांकडे दिलाय. मी सकाळचे अडीच-तीन तास यालाच देईन. संघाचं जेवण संघानं करायचं, एकाच भांड्यात होणारं, ज्यात पुष्कळ चिरायचं आणि पुष्कळ ढवळायचं असतं असं. स्काउटिंगमधलं जवळजवळ सगळं यात येतं: पाणी मोजून आणणं, विस्तव लावणं, कामाची पाळी, चाकू, स्वच्छता, आणि करपलं तर कोणाला दोष द्यायचा हा सनातन प्रश्न. कबला चाकू हातात मिळतो हीच त्याच्यासाठी दिवसाची सर्वांत मोठी गोष्ट असते. आधी हात लांब करून स्वतःभोवती गोल फिरायला सांगा. त्या घेरात दुसरं कोणी असेल तर चाकू उघडायचा नाही. कापताना पातं स्वतःपासून लांब, चालताना चाकू मिटलेला, देताना मूठ पुढे. चुलीजवळ धावायचं नाही, सैल ओढणी-स्कार्फ आत खोचायचा, पाण्याची बादली विस्तव पेटण्याआधी शेजारी. गॅसची शेगडी वापरत असाल तर सिलिंडर बदलणं कब मुलांकडे देऊ नका, आणि पाऊस आला म्हणून शेगडी तंबूत न्यायची नाही. आगीचा धोका तर आहेच, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याला वास नसतो.

जेवायला उशीर होणार आहे. होऊ द्या. एका संघाचं बाराला तयार होईल, दुसऱ्याचं दीडला. दीडवाल्यांना मदत करायला मोठ्या माणसाचे हात शिवशिवतात, तेवढे आवरा. फक्त दोन ठिकाणी तुम्ही जातीनं लक्ष घाला: स्वयंपाकाआधी साबणानं हात धुणं, आणि मांस-अंडी वापरत असाल तर ती पूर्ण शिजणं. भांड्यांना तीन टबांची पद्धत ठेवा, खरकटं आधी पुसून काढून मग गरम साबणाचं पाणी, गरम स्वच्छ पाणी आणि शेवटी जंतुनाशकाचं पाणी. सांडपाणी ओढ्या-तळ्यापासून निदान साठ मीटर लांब. शिबिरातली पोटं बहुधा न धुतलेल्या हातांनी आणि अर्धवट धुतलेल्या भांड्यांनीच बिघडतात.

दुपारी एकच गोष्ट घ्या आणि ती पूर्ण करा. तुमच्या यादीतून मी पायोनिअरिंग, म्हणजे काठ्या-दोऱ्यांचं बांधकाम, निवडेन, कारण त्याच्या शेवटी काहीतरी उभं राहतं. दोरीचा पूल नको. त्याला अनुभवी नजर लागते आणि कब मुलं नुसती रांगेत उभी राहतात. प्रत्येक संघानं स्वतःच्या तळासाठी भांडी वाळवायची मांडणी किंवा छोटं प्रवेशद्वार करावं. गाठ एकच शिकवा, खुंट्याची, म्हणजे क्लोव्ह हिच. चौकोनी बांधणी तिच्यापासूनच सुरू होते: उभ्या काठीला क्लोव्ह हिच, मग दोन्ही काठ्यांभोवती तीन वेढे, मग काठ्यांच्या मधून दोरी करकचून आवळणारे दोन वेढे, शेवटी पुन्हा क्लोव्ह हिच. एका दुपारी सहा गाठी दाखवल्या की रविवारपर्यंत एकही लक्षात राहत नाही. ही एक गाठ, तिच्यावर रात्रभर स्वतःची थाळी टांगलेली राहिली, तर मुलगा घरी जाऊन दाराच्या कडीला बांधून दाखवतो. प्रथमोपचार, होकायंत्र, मागकाढ पुढच्या वर्षभरात येणारच आहेत. त्यांची चव दाखवायचा मोह मला कळतो, पण आवरा.

त्यानंतर दीड-दोन तास मोकळे सोडा. वेळापत्रकात 'मोकळा वेळ' असं लिहा, नाहीतर कोणीतरी तिथे खेळ घुसवेल. याच वेळात कब दादांच्या मागे मागे फिरतात, चिखलात बांध घालतात, नको ते प्रश्न विचारतात. फक्त हद्द आणि पाण्याचा काठ यांवर नजर असू द्या, आणि पाण्यात उतरणं या शिबिरात ठेवूच नका.

शेकोटी तासाभराच्या आत आटोपा. जोशाची गाणी आणि नकला आधी, संथ गाणी शेवटी, हा क्रम उलटा झाला की मुलं तंबूत जाऊन दंगा करतात. प्रत्येक संघाच्या नकलेत कबला निदान एक वाक्य हवं. त्याला झाड करून कोपऱ्यात उभं करू नका. विस्तव विझवणं मुलांसमोर करा: पाणी, ढवळणं, पुन्हा पाणी, आणि शेवटी निखाऱ्यांवर तळहाताची मागची बाजू जवळ नेऊन धग लागत नाही ना हे पाहणं.

पालकांचा तुमचा प्रश्न. पालक आले तर त्यांचाच एक संघ करा. त्यांचा तंबूतळ मुलांपासून हाक ऐकू जाईल पण ताटातलं दिसणार नाही इतक्या अंतरावर. त्यांचा संघनायक, त्यांची कामाची पाळी, त्यांचा स्वयंपाक त्यांनीच करायचा, आणि पाहणीत त्यांनाही गुण द्यायचे. विनोद म्हणून नाही, खरोखर. त्यांच्या हाताला काम राहतं, म्हणून ते मुलाच्या बुटाची नाडी बांधायला धावत नाहीत. आणि स्वतःची चूल तासभर न पेटल्यावर मुलांना काय जमतंय याची किंमत त्यांना आपोआप कळते. मूल मदत मागायला आईबाबांकडे गेलं तर त्यांनी एकच उत्तर द्यायचं: 'तुझ्या संघनायकाला विचारलंस का?' अकेलालाही बोलवा. ओळखीचा चेहरा जवळपास दिसला की मुलांना बरं वाटतं. पण त्यानंही पालकांच्या संघात बसावं.

सुरक्षेचे नियम तुमच्या संघटनेनं लेखी दिलेले असतील. मुलांमागे मोठ्यांचं प्रमाण, संमतिपत्र, वाहन, यात त्यांच्या बाहेर जाऊ नका. माझ्याकडून दोन गोष्टी: कोणताही मोठा माणूस कोणत्याही मुलाबरोबर एकटा, नजरेआड असणार नाही, रात्री रडणाऱ्या मुलाजवळसुद्धा, दुसरा मोठा माणूस दिसेल इतक्या अंतरावर हवा. आणि स्वतःच्या पालकाखेरीज दुसऱ्या मोठ्या माणसाबरोबर मूल एका तंबूत झोपणार नाही. कब आणि मोठी मुलं यांचे झोपायचे तंबूही मी वेगळे ठेवतो. संघाचा तळ एक, पण कबच्या तंबूत कबच. अडचण आली तर दादाला हाक ऐकू जाते, तेवढं पुरे.

पावसाचं: नुसत्या पावसात शिबिर गुंडाळू नका, पण झोपायचं सामान कोरडं ठेवण्याची जबाबदारी संघनायकाच्या तपासणीत आणा. ओलं आणि थंडीनं कुडकुडणारं मूल गप्प बसतं, तक्रार करत नाही. गप्प मुलाकडे आधी बघा. विजेशी मात्र खेळ नको. चमक आणि गडगडाट यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. लगेच पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, तंबू किंवा झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. असा निवारा पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर नसेल तर ती जागाच या शिबिरासाठी निवडू नका.

रविवारी नवं काही घेऊ नका. नाश्ता, तंबू वाळवून घड्या, सगळ्यांनी एका रांगेत हाताच्या अंतरावर उभं राहून जमिनीवरचा कागदाचा कपटासुद्धा वेचत जाणं. मग वीस मिनिटं प्रत्येक संघ आपल्या कबना घेऊन गोलात बसेल आणि तिथे एकही मोठा माणूस नसेल. कब विचारतील ते विचारू द्या: अभ्यास सांभाळून जमतं का, परीक्षा अवघड असतात का, संघनायक कोण निवडतं, घाबरलो तर काढून टाकतात का. तुम्ही दिलेल्या उत्तरावर ते मान डोलावतील, दादाच्या उत्तरावर विश्वास ठेवतील. तुमचं भाषण असेल तर तीन मिनिटांचं. स्कार्फ, बिल्ला, वचन यांतलं काहीही या शिबिरात देऊ नका. दाखल होण्याचा समारंभ वेगळा असतो, आणि तो मुलानं ठरवल्यानंतरचा.

परतल्यावर आठवडाभरात संघानं आपल्या कबना पुढच्या सभेचं बोलावणं पाठवावं, पालकांच्या फोनवरून, संघनायकाच्या नावानं. त्यात दिवस, वेळ आणि 'तुझी थाळी आमच्या पेटीत राहिलीय' असलं काहीतरी खरं. त्या सभेला दारात कोण उभं राहणार हेही आधी ठरवा. पहिल्या दिवशी दारात अनोळखी माणूस असला की शिबिरातलं निम्मं काम पाण्यात जातं. जी मुलं 'नाही यायचं' म्हणतील त्यांच्या मागे लागू नका. अकेलाला सांगा, त्यानं महिन्याभरानं सहज विचारावं. काहींना कबमध्ये अजून थोडे दिवस हवे असतात. काहींना एखाद्या ठरावीक मुलाची भीती वाटलेली असते, आणि ते कारण ती तुम्हाला सांगणार नाहीत, अकेलाला सांगतील. तसं काही कानावर आलं तर मात्र त्याच आठवड्यात त्याचा छडा लावा.